होतकरू खेळाडूचें मोल

आपल्या मराठींतला ‘महाग’ हा शब्द संस्कृतांतील ‘महार्घ’ या शब्दापासून आला आहे आणि ‘सवंग’ हा ‘समर्घ’ या शब्दापासून. दोहोंच्या पोटीं ‘अर्घ’, म्हणजे किंमत, हा एकच शब्द आहे. परंतु त्याच कुळांतला ‘अर्घ्य’ हा शब्द बाजारांत गेला नाहीं; तो देवघरांत राहिला आणि पाहुण्यांच्या स्वागतास उभा राहिला. एका घरांतले दोन भाऊ, एक पेठेंत बसला, दुसरा पूजेला बसला, असें वर्गांत सांगून मीं कित्येक वर्षें मुलांना हंसविलें. ती जुनी थट्टा एके दिवशीं माझ्याच पडवींत प्रश्न होऊन येईल, असें मात्र मला कधीं वाटलें नव्हतें.

गेल्या आषाढांतली गोष्ट. आमच्या गोंदिया भागांत धानाच्या रोवणीचे दिवस होते. संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलास घेऊन आला. हा विद्यार्थी आज रेल्वेंत नोकरीस आहे. घरीं वृद्ध आई, थोरले बंधु, वहिनी, दोघां भावांचीं मिळून चार मुलें आणि आमगांवच्या बाजूस चार एकर धानाची बांधी, असें एकत्र कुटुंब आहे. बरोबरचा मुलगा सतरा वर्षांचा, बारावींत शिकणारा. नमस्कार करून तो भिंतीशीं उभा राहिला. ‘बस’ म्हटलें तरी बसेना. बापानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढें ठेवला.

मुलगा हॉकी खेळतो आणि चांगला खेळतो. एका स्पर्धेंत त्याचा खेळ पाहून परगांवच्या कोणा गृहस्थांनीं बापाची गांठ घेतली होती. ‘तीन वर्षांत या मुलावर लिलावांत वीस लाखांची बोली लागेल, आज मी तुम्हांस तीन लाख रुपये रोख देतों, त्याच्या मोबदल्यांत पुढील दहा वर्षें खेळामुळें होणाऱ्या त्याच्या सर्व प्राप्तीचा तिसरा हिस्सा मला द्यावा’, असा त्या कागदाचा सारांश होता. थोरल्या बंधूंच्या डोक्यावर ट्रॅक्टरचें कर्ज होतें आणि दोन हप्ते थकले होते. तीन लाखांत तें सारें फिटत होतें. घरांत दोन दिवस याचीच चर्चा चालली होती.

“मास्तर,” माझा विद्यार्थी म्हणाला, “तीस वर्षांपूर्वीं याच खेळाची किंमत तुम्हीं मला शून्य सांगितली होती. हे गृहस्थ आज तीन लाख म्हणतात. खरी किती, तें आतां तुम्हींच सांगा.”

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर उत्तर देणें मला सोपें गेलें असतें.

तीस वर्षांपूर्वींचा तो प्रसंग मला स्वच्छ आठवतो. हा मुलगा तेव्हां माझ्या वर्गांत दहावीला होता. हॉकीच्या निवड-चाचणीसाठीं नागपुरास जावयाचें म्हणून त्यानें तीन दिवसांची रजा मागितली. त्याच दिवसांत सहामाहीचा संस्कृतचा पेपर होता. मीं अर्ज परत केला आणि सर्व वर्गासमक्ष म्हणालों, “काठीनें पोट भरत नाहीं.” तो पेपरास बसला आणि त्याला एकाहत्तर गुण पडले. हे गुण माझ्या लक्षांत आहेत, कारण ते मीं स्वतःच्या वहींत मोठ्या अभिमानानें टिपून ठेवले होते. त्यानंतर त्यानें काठी हातीं धरली नाहीं. आणि यांतली खरी लाजिरवाणी गोष्ट अशी, कीं त्याचा खेळ मीं एकदांही पाहिला नव्हता. न पाहिलेल्या वस्तूची किंमत मीं केली होती आणि ती शून्य ठरविली होती.

तेव्हां या वेळीं घाईनें उत्तर द्यावयाचें नाहीं, असा मीं निश्चय केला. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि नातवाच्या मदतीनें या बाजाराचा अभ्यास करावयास बसलों. जें समजलें तें वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटतें. कारण आज घरोघरीं एखादा मुलगा किंवा मुलगी कोणत्या ना कोणत्या मैदानावर जात असते, आणि त्यांची किंमत करणारे लोक मैदानाच्या कडेला उभे असतात.

आमच्या मंडळींनीं पहिलीच शंका काढली, “माणसांचा लिलाव? हरिश्चंद्रानंतर हें प्रथमच ऐकतें आहें!” शंका रास्त आहे. परंतु येथें विकला जातो तो माणूस नव्हे. त्याच्या कांहीं आठवड्यांच्या खेळावर बोली लागते. हॉकी इंडिया लीग ही स्पर्धा २०१३ सालीं सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावांत दिल्लीच्या संघानें सरदारसिंग यास ७८ हजार डॉलरांना घेतलें आणि मुंबईच्या संघानें संदीपसिंग यास ६४,४०० डॉलरांना. दोघेही नामांकित खेळाडू. तथापि त्या वर्षीं पांच संघांत मुंबईचा संघ शेवटचा आला आणि अजिंक्यपद रांचीनें पटकाविलें. म्हणजे मोठी किंमत दिली म्हणून मोठें फळ मिळालेंच, असें पहिल्याच वर्षीं घडलें नाहीं.

पुढें २०१७ नंतर ही स्पर्धा बंद पडली. सात वर्षांहून अधिक काळ हा बाजार भरलाच नाहीं. २०१७ सालीं जो मुलगा अठरा वर्षांचा आणि होतकरू होता, तो पुढला लिलाव झाला तेव्हां पंचविशीचा झाला होता. त्याच्या हातांतलें कसब त्या काळांत कमी झालें होतें काय? नाहीं. परंतु मधल्या सात वर्षांत त्याची बाजारांतली किंमत काय होती, असें कोणी विचारल्यास उत्तर ‘कांहीं नाहीं’ असेंच द्यावें लागेल. गिऱ्हाईकच नसेल तेथें भाव कोठून येणार?

स्पर्धा पुन्हा उभी राहिली ती २०२४ सालीं. १३ ते १५ ऑक्टोबर या तीन दिवशीं दिल्लींत लिलाव झाला. पुरुषांचे आठ संघ. प्रत्येकास खर्चावयास चार कोट रुपये आणि घ्यावयाचे खेळाडू चोवीस. त्यांत परदेशचे आठ, आणि आपल्याकडील ज्यूनियर, म्हणजे एकविशीच्या आंतले, निदान चार असलेच पाहिजेत, असा नियम. खेळाडूंच्या मूळ किमती दोन, पांच आणि दहा लाख, अशा तीन पायऱ्यांनीं ठरविलेल्या होत्या. सर्वांत मोठी बोली हरमनप्रीतसिंगवर लागली. सूरमा संघानें त्यास ७८ लाखांना घेतलें. अभिषेक यास ७२ लाख मिळाले, हार्दिकसिंगास ७० लाख, आणि परदेशच्या गोंझालो पेयाट यास ६८ लाख.

आतां येथें शाळेंतलें साधें त्रैराशिक मांडून पाहूं. चार कोट रुपये चोवीसांत सारखे वांटले तर दर माणशीं सुमारें साडेसोळा लाख येतात. एकट्यास ७८ लाख दिल्यावर उरलेल्या तेविसांच्या वांट्यास ३ कोट २२ लाख, म्हणजे दर माणशीं चौदा लाख उरतात. तीन-चार मोठे खेळाडू घेतले, कीं तळाशीं बसणाऱ्या कोवळ्या मुलांसाठीं मूळ किंमतच काय ती राहते. तात्पर्य, होतकरू मुलाची किंमत तो किती चांगला खेळतो एवढ्यावर ठरत नाहीं. त्याची पाळी येईपर्यंत थैलींत किती शिल्लक आहे, यावरही ती ठरते. उलट पक्षीं, चार ज्यूनियर घेतलेच पाहिजेत हा नियम नसता, तर कित्येक मुलांवर बोलीच झाली नसती. खेळाडूच्या किमतींत असा नियमाचाही वांटा असतो.

मग हरमनप्रीतवरच एवढी बोली कां लागली? हॉकींत पेनल्टी कॉर्नर मिळाला असतां चेंडू काठीच्या वांकांत धरून, ओढीत आणून गोलांत भिरकवावयाचा, हें एक दुर्मिळ कसब आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें त्यानें दहा गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यांत स्पेनविरुद्धचे आपले दोन्ही गोल त्याचेच होते. हें कसब असलेला माणूस प्रत्येक संघास हवा असतो आणि असे लोक मोजके असतात. मैदानाच्या मध्यभागीं राहून दिवसभर धांवणाऱ्या, दुसऱ्याचा चेंडू अडवून तिसऱ्यास नेऊन देणाऱ्या गड्याचें काम कमी मोलाचें नसतें. पण त्याचे गोल मोजतां येत नाहींत आणि मोजतां येत नाहीं त्यावर बोली चढत नाहीं. शिवाय लिलावाचा एक साधा धर्म आहे. किंमत घेणाऱ्याच्या एकट्याच्या इच्छेनें चढत नाहीं. शेवटपर्यंत त्याच्याशीं चढाओढ करणारा दुसरा कोणी असावा लागतो. तो दुसरा आधींच थांबला, तर तोच खेळाडू निम्म्या किमतींत जातो.

होतकरूंचेंच उदाहरण पाहावयाचें तर अराइजीतसिंग हुंदल याचें पाहावें. २०२३ च्या ज्यूनियर विश्वचषक स्पर्धेंत कोरियाविरुद्ध त्यानें तीन गोल केले आणि त्याचें नांव झालें. लिलावांत गोनासिका संघानें त्यास ४२ लाखांना घेतलें. पुढें ४ डिसेंबर २०२४ रोजीं मस्कत येथें ज्यूनियर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध भारताचे पांच गोल झाले. त्यांतील चार याचे. हाच सामना लिलावाच्या आधीं झाला असता तर? बोली आणखी चढली असती, हें उघड आहे. मुलगा तोच, हात तेच. दोन महिन्यांचा काय तो फरक.

मुलींच्या बाबतींत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. स्त्रियांची लीग याच वेळीं प्रथम सुरू झाली. तेथें संघाची थैली दोन कोटांची, आणि सर्वांत मोठी बोली उदिता दुहान हिच्यावर, ३२ लाखांची. तिचा घाम हरमनप्रीतच्या घामाहून पातळ होता, असें कोणी म्हणेल काय? थैली लहान होती, एवढाच त्याचा अर्थ.

आणि घेणाऱ्याचा तरी भरंवसा किती? हार्दिकसिंगासाठीं ७० लाख मोजणारा यू. पी. रुद्राज हा संघ दुसऱ्या हंगामापूर्वींच स्पर्धेंतून निघून गेला.

अमेरिका-कॅनडांत बर्फावरील हॉकी खेळतात. तेथें लिलावाऐवजीं संघ आपसांत खेळाडूंची देवघेव करतात. १९८८ सालीं वेन ग्रेट्झकी हा महान खेळाडू एडमंटनहून लॉस एंजेल्सला गेला, तेव्हां एडमंटनला दीड कोट डॉलर आणि कांहीं खेळाडू मिळालेच. शिवाय पुढल्या वर्षांत नवीं मुलें निवडतांना पहिल्या फेरींतले तीन हक्कही मिळाले. तीं मुलें कोण, हें त्या वेळीं कोणासही ठाऊक नव्हतें. ज्यांचीं नांवेंही ठरलेलीं नाहींत, अशा मुलांच्या आशेवर तेथें सौदा झाला! होतकरूपणा हें असें चलनी नाणें आहे. मात्र तें नाणें वाजवून पाहण्याची सोय नसते.

आमच्या धानाच्या मुलखांत या गोष्टीस जुनें नांव आहे. पऱ्हे अजून हातभर वाढलेले नाहींत तोंच व्यापारी घरीं येतो, अडचण ओळखतो, आणि पुढल्या पिकाचा भाव आजच ठरवून पैसे देतो. पाऊस चांगला झाला तर नफा त्याचा. पाऊस पडला नाहीं तरी कर्ज शेतकऱ्याचें.

या साऱ्या लिलावांच्या आधींच्या काळांत खेळाडूची किंमत नोकरींत मोजली जाई. रेल्वे, विमान-कंपन्या, बँका, महिंद्रसारखे कारखाने, हे खेळाडूंस पोटाला लावीत. आपल्या महाराष्ट्राचा धनराज पिल्ले १९६८ सालीं पुण्याजवळ खडकींत जन्मला. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. मुलें मोडक्या काठ्यांनीं खेळत. वडील बंधूच्या मागून तो मुंबईस गेला आणि महिंद्रच्या संघांत स्थिरावला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा तो खेळला. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत त्याच्या नायकत्वाखालीं भारतानें बत्तीस वर्षांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यास संघांतून वगळण्यांत आलें. ज्याची किंमत सारें जग जाणत होतें, त्याच्याही वांट्यास हें आलें.

आणि आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचीच एक गोष्ट आहे. लेस्ली क्लॉडियस हा १९२७ सालीं याच मार्गावरील बिलासपुरास जन्मला. खरगपुरास तो रेल्वेच्या संघाकडून फुटबॉल खेळत असे. १९४६ सालीं रेल्वेच्या दोन हॉकी-संघांच्या सरावाच्या सामन्यांत एक गडी कमी पडला. १९३२ च्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलेले डिकी कार तेथें होते. त्यांनीं या फुटबॉलवाल्या पोरास हातीं काठी देऊन उभें केलें. दोन वर्षांनीं, १९४८ सालीं, तो लंडनहून ऑलिंपिकचें सुवर्णपदक घेऊन आला. मग १९५२ आणि १९५६ सालीं पुन्हा सुवर्ण, आणि १९६० सालीं रौप्य. त्या सरावाच्या सकाळीं त्याच्यावर कोणीं बोली केली असती? जागा रिकामी होती आणि ती भरणाऱ्या माणसाला नजर होती. डिकी कार यांनीं त्यास खेळतांना पाहिलें. मीं मात्र माझ्या मुलास पाहिलें नव्हतें.

म्हणून आठवा दिवस उजाडण्यापूर्वीं मीं एक काम केलें. पहांटे उठून मैदानावर गेलों आणि दोन तास बसून त्या मुलाचा खेळ पाहिला. मला हॉकी कळत नाहीं. परंतु मुलें कळतात. चेंडू हातचा गेला असतां कांहीं मुलें कमरेवर हात ठेवून उभीं राहतात. हा मुलगा तत्क्षणीं वळून मागें धांवे. चूक दुसऱ्याची असली तरी धांवे. त्याचा बाप कुंपणाबाहेर उभा होता आणि चेंडू ज्या बाजूस जाई त्या बाजूस त्याचा पाय नकळत हलत होता. बापाची जागाही मैदानांत हीच, मधली होती, हें मला त्या दिवशीं, तीस वर्षांनीं, समजलें.

मग त्यांच्या घरीं जाऊन सर्वांसमक्ष कागद वाचला. ‘खेळामुळें होणारी सर्व प्राप्ती’ या शब्दांवर मीं बोट ठेवलें. महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. उद्यां मुलास अशी नोकरी लागली, तर तिचा पगारही ‘खेळामुळेंच’ ठरेल. महिना तीस हजारांची नोकरी सहा वर्षें केली तर २१ लाख ६० हजार होतात. त्याचा तिसरा हिस्सा ७ लाख २० हजार. लिलावाचें दर्शनही न होतां तीन लाखांचे सात लाख झाले! खालीं बारीक अक्षरांत आणखी एक कलम होतें: मुलानें कोणत्याही कारणानें खेळ सोडल्यास तीन लाख परत करावे. ‘कोणत्याही’ या शब्दांत मोडलेला गुडघाही आला. पीक आलें तर वांटा, नाहीं आलें तर मुद्दल परत.

शिवाय मुलगा सतरा वर्षांचा. १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें अज्ञान मुलास करार करतां येत नाहीं. असा करार मुळांतच निरर्थक, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं ठरविलें आहे. म्हणूनच त्या गृहस्थांस बापाची सही हवी होती. कागद मुलाचा आणि गळफांस बापाचा!

थोरले बंधु इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “मास्तर, पऱ्ह्यावर धान विकणारा मी नव्हे. पण हप्ता कोण भरणार, तें सांगा.”

हा प्रश्न खरा होता आणि त्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तें धाकट्यानें दिलें. घराची वरची माडी बांधण्यासाठीं पतपेढींतून कर्ज काढावयाचें त्याच्या मनांत होतें. तें त्यानें हप्त्यांसाठीं काढावयाचें ठरविलें. माडी दोन वर्षें लांबली. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. म्हाताऱ्या आईनें फक्त एवढेंच विचारलें, “मग पोराला कोणी नेणार नाहीं ना?”

त्या गृहस्थांस आम्हीं कळविलें, कीं नोकरीचा पगार वगळावा आणि दुखापत झाल्यास पैसे परत मागूं नयेत, एवढे दोन फेरफार करून कागद वकिलास दाखवूं. विचार करून सांगतों, असें ते म्हणाले. अद्यापि त्यांचें उत्तर आलेलें नाहीं.

निघतांना माझ्या विद्यार्थ्यानें पुन्हा विचारलें, “पण मास्तर, किंमत किती, तें राहिलेंच.”

मीं त्याला सांगितलें, “मीं शून्य सांगितली ती चूक होती. ह्या गृहस्थांनीं तीन लाख सांगितली, तीही चूकच आहे. ती तुझ्या दादाच्या अडचणीची किंमत होती, मुलाची नव्हे. बाजार उद्यां दोन लाख सांगेल, परवां चाळीस सांगेल, कदाचित् कांहींच सांगणार नाहीं. त्याला तें सांगूं दे. आपण घरच्या माणसांनीं मुलास एवढेंच द्यावें, कीं त्याला खेळावयास मिळेल, शिकावयास मिळेल, आणि आठ महिन्यांनीं तो सज्ञान झाला म्हणजे स्वतःचा सौदा त्याचा त्याला करतां येईल.”

भाद्रपदांत निवड-चाचणी निघाली. तिच्याच दिवसांत मुलाच्या महाविद्यालयांत घटक-चाचणी आली. बाप सायकलीवरून माझ्याकडे आला, रजेचा अर्ज लिहून घ्यावयास. तो स्वतः उत्तम अर्ज लिहितो. हें मला ठाऊक आहे, कारण त्याला तो मींच शिकविला. मीं कांहीं बोललों नाहीं. चष्मा लावला, कागद घेतला, आणि तीन दिवसांच्या रजेचा अर्ज माझ्या हातानें लिहून दिला.

चाचणींत मुलाचें नांव राखीव खेळाडूंत लागलें आहे. तो रोज पहांटे मैदानावर जातो.